जंगली किलीफिश मागवणे आणि वाढवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किलीफिशबद्दल विचारणारे बहुतेक दोन टोकांचे असतात. कुणाला फोटोतला निळा-लाल मासा कुठे मिळेल एवढंच हवं असतं, तर कुणाच्या घरी तो पिशवीतून येऊन पडलेला असतो आणि पुढे काय करायचं ते कळत नसतं. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत. भर पूर्व आफ्रिकेतल्या नोथोब्रँकियस या किलींच्या गटावर आहे, कारण रानातून पकडलेल्या किलींबद्दल बोलणं निघालं की गाडी तिथेच जाते. शौकीन मंडळी त्यांना नुसतं 'नोथो' म्हणतात, इथेही तेच केलं आहे.

किलीफिश म्हणजे नेमके कोणते मासे?

गप्पी आणि मॉलीचे चुलते, फक्त हे अंडी घालतात. हजाराहून अधिक जाती आहेत आणि ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका सोडले तर प्रत्येक खंडावर सापडतात. बहुतेक बोटभर लांबीचे किंवा त्याहून लहान. आपल्या कामापुरते दोन गट पुरेत. वार्षिक किली पावसाळी डबक्यांत जगतात, अंडी चिखलात पुरतात आणि डबकं आटलं की मरतात. बारमाही किली ओढ्या-नाल्यांच्या काठाने राहतात आणि पाणवनस्पतींच्या मुळांत, पानांत अंडी चिकटवतात. मधल्यामध्ये बसणाऱ्या जातीही आहेत.

एवढे सुंदर आहेत तर कुर्ल्याच्या मार्केटमध्ये का दिसत नाहीत?

दुकानदाराच्या हिशेबात बसत नाहीत म्हणून. नोथोचा नर झगमगता, मादी मात्र मातकट. ती कुणी विकत घेत नाही आणि तिच्याशिवाय नराचा उपयोग नाही. नर एकमेकांना फाडतात. कोरड्या खाद्याकडे बघत नाहीत. त्यात आयुष्य काही महिन्यांचं, म्हणजे घाऊक व्यापाऱ्याकडून दुकानात आणि दुकानातून घरी पोहोचेपर्यंत त्याचा चांगला भाग संपलेला. दुकानात दिसतो तो बहुधा 'गोल्डन वंडर' नावाने विकला जाणारा सोनेरी मासा. तो आपल्याच पश्चिम घाटातल्या ॲप्लोकायलस लिनिएटसचा टाक्यांमध्ये निवडून वाढवलेला प्रकार. फंड्युलोपँकॅक्स गार्डनेरी आणि ॲफिओसेमिऑन ऑस्ट्रालेही अधूनमधून दिसतात. बाकी सगळा व्यवहार शौकिनांच्या आपापसात चालतो आणि माझ्या मते तेच बरं आहे.

डबकं आटल्यावर सगळे मासे मरतात, मग पुढच्या वर्षी येतात कुठून?

चिखलातल्या अंड्यांमधून. पण अंडं नुसतं वाट बघत पडून राहतं असं नाही. वार्षिक किलीच्या भ्रूणाची वाढ तीन ठरलेल्या टप्प्यांवर थांबू शकते. याला डायापॉज म्हणतात. जॉन वूर्म्स यांनी १९७२ मध्ये त्याचं तपशीलवार वर्णन केलं. पहिला थांबा अगदी सुरुवातीला येतो, जेव्हा पेशी अंड्यात विखुरलेल्या असतात. दुसरा मधल्या टप्प्यावर, शरीराचा लांबट आराखडा उमटल्यावर. तिसरा पूर्ण वाढीनंतर, बाहेर पडायच्या जरा आधी. या तिसऱ्या थांब्यावर पिल्लू अंड्यात तयार बसलेलं असतं आणि पाण्याचीच वाट बघत असतं.

गंमत अशी की एकाच मादीने एकाच दिवशी घातलेली सगळी अंडी एका तालात वाढत नाहीत. काही थांबे टाळून झपाट्याने पुढे जातात, काही महिनोन्‌महिने अडून राहतात. अवेळी सर येऊन डबकं भरलं आणि आठवड्यात परत आटलं, तरी सगळी पिढी बुडत नाही. टाकीत अंडी उबवताना जो वैताग होतो त्याचं मूळ याच व्यवस्थेत आहे.

बाहेर आल्यावर मात्र घाई. नोथोब्रँकियस फुर्झेरी ही झिंबाब्वे आणि मोझांबिकमधली जात. मोझांबिकच्या डबक्यांत ती अंड्यातून निघाल्यापासून दोन आठवड्यांत अंडी घालण्याइतकी मोठी झालेली आढळली आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतक्या लवकर वयात येणारा दुसरा माहीत नाही.

आपल्याकडेही काळी माती आहे, चार महिने पाऊस आहे. मग विदर्भात असे मासे का नाहीत?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारणाऱ्याने मातीकडे पाहिलेलं असतं. नोथोची डबकी जिथे टिकतात तिथे तळाला बहुधा चिकण, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी गडद माती असते. मृदाशास्त्रात तिला व्हर्टिसोल म्हणतात. आपली कापसाची रेगूर त्याच वर्गातली. ती पाणी धरून ठेवते आणि वरून कोरडी झाली तरी आत अंड्यांना लागणारी ओल टिकवते. थोडक्यात, घर तयार आहे, भाडेकरू नाही.

वार्षिक किली फक्त आफ्रिकेत आणि अमेरिका खंडांत आढळतात. हा गुण तिथल्या वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे एकाहून अधिक वेळा आला. भारत, श्रीलंका, मादागास्कर आणि सेशेल्समधली किलींची शाखा वेगळी आहे आणि ती बारमाही पाण्याची. सह्याद्रीच्या सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांत अंडी वाळवून उन्हाळा काढण्याची युक्ती आपल्याकडे फेअरी श्रिम्पसारखे कवचधारी जीव करतात, मासे नाही. आणि 'इथे माती आहेच, मग सोडून बघू का' हा पुढचा प्रश्न मनात असेल तर त्याचं उत्तर नाही असंच आहे. बाहेरून आणलेल्या गंबुसिया आणि तिलापिया या माशांनी आपल्या पाण्यात काय केलं ते पुरेसं आहे.

माशाच्या नावापुढे गावाचं नाव आणि आकडे कशासाठी असतात?

सगळ्या पानावरचा हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

'नोथोब्रँकियस राकोवी, बेइरा ९८' असं लिहिलेलं असेल तर हा वंश मोझांबिकमधल्या बेइराजवळ १९९८ मध्ये पकडलेल्या माशांचा. 'गार्डनेरी, मकुर्डी' म्हणजे नायजेरियातल्या मकुर्डीचा, 'गार्डनेरी, मिसाजे' म्हणजे कॅमेरूनमधल्या मिसाजेचा. काही वेळा गावाऐवजी संकेत असतो. त्यात देशाची अक्षरं, पकडणाऱ्यांची आद्याक्षरं, वर्ष आणि त्या मोहिमेतल्या ठिकाणाचा क्रमांक असतो. त्याच्यामागे एफ-शून्य लिहिलं असेल तर मासा स्वतः रानातला, एफ-एक असेल तर रानातल्या जोडीची पहिली पिढी.

याचा उपयोग काय? मोझांबिकमधल्या काळपट रंगाच्या राकोवींना वर्षानुवर्षं 'काळे राकोवी' म्हणत. २०१० मध्ये राकोवी समजल्या जाणाऱ्या माशांतून पिएनारी आणि क्रिसानोवी या दोन जाती वेगळ्या काढण्यात आल्या. ज्यांच्या पिशवीवर ठिकाण लिहिलेलं होतं त्यांना आपल्याकडचा मासा नेमका कोणता ते नकाशा बघून कळलं. ज्यांनी नुसतं 'राकोवी' लिहिलं होतं किंवा दोन ठिकाणचे मासे एकत्र केले होते, त्यांच्या हाती बेवारशी वंश उरला. दिसायला तो देखणा असेलही, पण पुढे कुणी जाणकार तो घेणार नाही.

गार्डनेरीचा प्रकार आणखी अवघड. त्याच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या माशांत गुणसूत्रांची संख्याही वेगळी असते आणि काही जोड्यांची संकरित संतती वांझ निघते. म्हणजे मकुर्डीचा नर आणि मिसाजेची मादी लावून 'नवीन रक्त' आणण्याचा विचार डोक्यात आला तर तिथेच सोडून द्यावा.

नोथोच्या बाबतीत आणखी एक धोका. निरनिराळ्या जातींच्या माद्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. तेव्हा दोन जाती एका टाकीत कधीही नाही, 'फक्त दोन दिवस' सुद्धा नाही. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाळी नेतानाही ती झटकून, नीट बघून न्यावी. अडकलेलं एक अंडं पुरेसं असतं.

टाकीत पैदास होते तर रानातले मासे आणायचेच कशाला?

प्रत्येकाने आणायची गरज नाहीच. शंभरातल्या नव्वदांना एफ-पाच, एफ-दहाचा निरोगी वंश पुरतो, आणि टाकीला सरावलेला मासा तुलनेने सोपाही जातो.

पण एखाद्या जोडीवर उभा राहिलेला वंश पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लावत गेलं की तो खंगतो. वर ज्याचा उल्लेख आला त्या फुर्झेरीचं उदाहरण बघा. १९७१ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन झालं. तिचे मूळ मासे झिंबाब्वेतल्या, तेव्हाच्या ऱ्होडेशियातल्या, गोनारेझू भागातले. तिथून त्या काळात आलेला एक वंश युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांनी तीसेक वर्षं हातोहात जपला. त्याला जीआरझेड म्हणतात. २००३ मध्ये दोन इटालियन संशोधकांनी दाखवलं की हे मासे टाकीत, खाऊनपिऊन, काही आठवड्यांतच म्हातारे होऊन मरतात. तेव्हापासून वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत फुर्झेरी प्रसिद्ध झाला आणि २०१५ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा आराखडाही प्रसिद्ध झाला. पुढे मोझांबिकमधून नव्याने पकडून आणलेले त्याच जातीचे वंश टाकीत बरेच जास्त जगले. त्या फरकात मूळ ठिकाणाच्या हवामानाचा वाटा किती आणि जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा किती, यावर वाद घालता येईल. पण एकाच जुन्या वंशावरून अख्ख्या जातीचा अंदाज बांधू नये एवढं त्यातून निश्चित कळतं.

शौकिनांनी हा वंश तीस वर्षं टिकवला नसता तर प्रयोगशाळांना तो मिळालाच नसता, हेही खरं. आणि आता कारण आणखी गंभीर आहे. भातशेती, रस्ते, डबकी बुजवणं यामुळे नोथोच्या बऱ्याच जाती धोक्यात आहेत. काहींचा पसारा जेमतेम एक-दोन डबक्यांपुरता असतो.

असे मासे पकडतात कसे आणि येतात कसे?

टांझानियाच्या किनारी सपाटीवर, रुफिजी-रुवूच्या खोऱ्यांत किंवा मोझांबिकमध्ये पावसाळ्याच्या उत्तरार्धात लोक गाडी घेऊन फिरतात आणि दिसेल त्या डबक्यात हातजाळं घालतात. रस्ता बांधताना खणलेले खड्डे, गुरांनी तुडवलेलं पाणी, भाताच्या कडेचे चर. पाणी चहाच्या रंगाचं, आत हात घातला तर बोटं दिसत नाहीत. त्याच चिखलात लंगफिशही सापडतो. मासे एकेका छोट्या पिशवीत, थोड्या पाण्यात आणि भरपूर हवेत बांधतात. एका ठिकाणाहून काही जोड्या पुरतात. डबकं उपसून नेणारा माणूस शौकीन नव्हे.

दुसरा मार्ग अंड्यांचा. तिकडून मासे आणलेला युरोपातला ब्रीडर पैदास करतो आणि ओलसर पीटमधली (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या भुशातली) अंडी पिशवीत घालून टपालाने पाठवतो. जिवंत प्राणी पाकिटातून जगभर फिरू शकतो ही किलीच्या छंदातली सगळ्यात मोठी सोय आणि सगळ्यात मोठा मोह.

मग परदेशातून अंड्यांचं पाकीट मागवलं तर चालेल ना? मासा कुठे आहे त्यात?

नाही चालणार. 'हॉबी मटेरियल', 'प्लांट फायबर' असं काहीतरी लिहून येणारी पाकिटं मला माहीत आहेत. ती तस्करीच आहे, कितीही गोड नाव दिलं तरी.

भारतात जिवंत शोभेचे मासे आणायचे तर केंद्रीय मत्स्यव्यवसाय विभागाचा आयात परवाना आधी हातात हवा. निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याचं आरोग्य प्रमाणपत्र हवं आणि आल्यावर विलगीकरण. अंडी म्हणजे जिवंत मासाच धरून चाला. हे सोपस्कार एकट्यादुकट्याला पेलणारे नाहीत, म्हणून ज्याच्याकडे आयातीचा परवाना आहे अशा व्यापाऱ्यामार्फतच जावं. दोन-चार जणांनी मिळून मागणी दिली तर तो निदान विचार तरी करतो.

दुसरी बाजू मूळ देशाची. नोथो सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत नाहीत, पण म्हणून वाटेल तसे उचलता येतात असं नाही. मासे पकडायला आणि देशाबाहेर न्यायला तिथल्या सरकारची परवानगी लागते. शिवाय २०१४ पासून नागोया करार लागू आहे, त्यामुळे एखाद्या देशाची जैविक संपत्ती वापरताना त्या देशाची संमती आणि वाटा हा विषय येतोच. ब्राझीलमध्ये तर वार्षिक किलींचं रिव्युलिड कुळ हे देशातल्या सगळ्यात धोक्यात आलेल्या माशांमध्ये मोडतं आणि तिथले संरक्षित मासे बाहेर काढणं गुन्हा आहे. विक्रेत्याला विचारा, मासा कुठून, कुणी, कोणत्या परवान्यावर आणला? उत्तर द्यायला तो कचरला तर व्यवहार तिथेच थांबवा. बहुतेकांसाठी देशातच पैदास झालेला, ठिकाण माहीत असलेला वंश हाच सरळ रस्ता आहे.

रानातले मासे घरी आले. पहिल्या दिवशी काय करू?

दिवे बंद. पिशवी उघडून भांड्यात रिकामी करा आणि बारीक नळीने थेंबाथेंबाने टाकीचं पाणी सोडत तास-दीड तास जाऊ द्या. पिशवीतलं पाणी टाकीत घालू नका. टाकी वेगळी, तळाला वाळू-खडी नसलेली, एक स्पंज फिल्टर आणि लपायला ॲक्रिलिक लोकरीचे दोन-तीन मॉप, म्हणजे दोऱ्यांचे झुबके. झाकण घट्ट. किली उडी मारतात आणि वायर जायला ठेवलेली फटही शोधून काढतात. पहिल्या दिवशी खायला देऊ नका.

किमान चार आठवडे विलगीकरण, आणि त्या काळात त्या टाकीची जाळी-नळी दुसरीकडे जाता कामा नये. नोथोचा सगळ्यात मोठा वैरी व्हेल्व्हेट हा परजीवीमुळे होणारा रोग. अंगावर हळदीची पूड भुरभुरावी तशी सोनेरी झाक दिसते, मासा अंग घासतो, पंख मिटून बसतो. बाजूने टॉर्च मारून बघा, समोरून दिसत नाही. म्हणून नोथोच्या पाण्यात दहा लिटरला एक चमचा जाडं मीठ आधीपासूनच ठेवायची पद्धत आहे. त्यांना ते सोसतं. गुदद्वारातून लाल धाग्यासारखी टोकं बाहेर दिसली तर कॅमालॅनस जंत, त्यावर लेव्हामिसॉल हे जंतांचं औषध चालतं. अंगावर पांढऱ्या टणक गाठी आल्या तर ग्लुजिया या परजीवीची शंका घ्या. त्यावर औषध नाही, तो मासा वेगळा काढावा लागतो आणि त्याच्यापासून पैदास करू नये.

वेळेचा एक पेच आहे. वार्षिक मासा पकडला तेव्हाच तो अर्धं आयुष्य जगलेला असतो. चार आठवडे नुसतं निरीक्षण करत बसलात तर मादी म्हातारी होईल. म्हणून विलगीकरणाच्या टाकीतच, मासे खाऊ लागले की लगेच, अंडी घालायला पीटचं भांडं ठेवा (ते कसं करायचं ते खाली आहे).

खायला काय? कोरडे दाणे खातील?

रानातले बहुधा नाहीच. आर्टेमिया, डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव), ब्लडवर्म (लाल अळ्या), ग्रिंडल वर्म (बारीक पांढरे कृमी) यातलं काहीतरी हाताशी असल्याशिवाय या भानगडीत पडू नये. गोठवलेले ब्लडवर्म काही दिवसांत शिकतात. गटारातले ट्युबिफेक्स कृमी मी तरी देत नाही.

डासांच्या अळ्या उत्तम खाद्य आहे, पण गच्चीवर उघडी बादली ठेवून त्या वाढवू नका. शेजाऱ्याला डेंग्यू झाला तर तुमचा छंद त्याला समजावून सांगता येणार नाही, आणि महापालिकेची माणसं आली तर दंडाची पावती फाडतील ती वेगळीच.

नोथोची अंडी कशी घ्यायची?

वीसेक लिटरची टाकी, एक नर, दोन किंवा तीन माद्या. एकच मादी ठेवली तर नर तिला दमवून मारतो. पाणी २३ ते २६ अंश, सामू सातच्या आसपास, जरा जड असलं तर उत्तम. आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाला वाटीएवढं भोक पाडा, आत तीन-चार सेंटीमीटर पीट किंवा कोकोपीट भरा आणि तळाशी ठेवून द्या. नर मादीला त्यात ओढून नेतो, तिच्यावर पंखाची घडी घालतो, अंगाला झटका देतो आणि एक अंडं पीटमध्ये जातं. चांगलं खाल्लेली मादी दिवसाला वीस-पन्नास अंडी सहज घालते.

आपल्याकडे पीट महाग आणि कोकोपीट मुबलक, तेव्हा कोकोपीटच वापरा. फक्त बागकामाची वीट आणून थेट टाकू नका. काहींमध्ये खत मिसळलेलं असतं आणि खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या काथ्यात क्षार असतात. उकळा, पाणी फेका, परत उकळा, आणि पाण्याचा रंग उतरेपर्यंत धुवा.

आठवड्या-दोन आठवड्यांनी डबा बाहेर काढा. कोकोपीट बारीक जाळीत ओता, हाताने दाबून पाणी काढा. घाबरू नका, नोथोचं अंडं मिलिमीटरभर असलं तरी चांगलं टणक असतं. मग वर्तमानपत्रावर पसरून काही तास सुकू द्या. ओल किती ठेवायची हा खरा हातखंडा. मुठीत दाबलं तर पाणी सुटू नये, पण सोडल्यावर गोळा लगेच विस्कटूही नये. तळहातावर मळलेल्या तंबाखूइतकी ओल, असं म्हटलं तर गावाकडे लगेच कळतं. पिशवीत थोडी हवा ठेवून बंद करा. वर जात, ठिकाण, पिढी आणि तारीख, पुसलं न जाणाऱ्या पेनने.

पिशवी किती दिवस ठेवायची?

पुस्तकातले आकडे २३-२४ अंशांचे असतात. त्या हिशेबाने नोथोंपैकी कोर्टहाउझी सहा ते आठ आठवडे, झांझिबारचा गुंथेरी साधारण तीन महिने, राकोवी पाच-सहा महिने किंवा त्याहूनही जास्त. आपल्या घरात एप्रिल-मे महिन्यात कपाटातसुद्धा ३० अंश असतात. उष्णतेत बरीच अंडी मधला थांबा टाळून पुढे जातात आणि हिशेब कोसळतो. म्हणून तारखेवर नाही, डोळ्यावर जा.

हे शब्दशः घ्या. चिमूटभर कोकोपीट बशीत घेऊन भिंगाखाली बघा. अंड्यात गडद डोळा आणि त्याभोवती सोनेरी कडं स्पष्ट दिसलं की पिल्लू तयार. नुसतं पारदर्शक अंडं दिसलं तर ते अजून थांबलेलं आहे, मेलेलं नाही. मेलेलं पांढरं पडतं. सहाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बघत जा.

भिजवायचं कसं? मी भिजवलं, पण चार-पाचच पिल्लं निघाली.

उथळ पसरट डबा, पाणी पाच सेंटीमीटर, आणि मुद्दाम गार, १६ ते १८ अंश. फ्रिजमधलं पाणी मिसळून तेवढं आणता येतं. कोकोपीट आत टाका, ढवळा, सोडून द्या. पहिली पिल्लं काही तासांत पोहायला लागतात, बाकीची दिवसाभरात.

चार-पाचच निघाली तर कोकोपीट फेकू नका. दोन दिवसांनी पिल्लं काढून घ्या, परत गाळा, परत सुकवा, तीन-चार आठवड्यांनी परत भिजवा. उरलेली अंडी वर सांगितलेल्या कारणामुळे मागे राहिलेली असतात. दुसऱ्या भिजवणीला पहिल्यापेक्षा जास्त पिल्लं निघणं अजिबात दुर्मीळ नाही.

पिल्लं तळाशी घसटत फिरतात, वर येतच नाहीत.

त्यांच्या पोटातली हवेची पिशवी भरलेली नाही. घाईने, अंडी पुरती तयार नसताना भिजवलं किंवा पाणी खोल आणि गरम होतं, की हे होतं. एक-दोन असतील तर निसर्गाचा भाग. निम्मी असतील तर पुढची पिशवी आणखी दोन आठवडे ठेवा. अशी पिल्लं सुधारत नाहीत, वाढवत बसू नका.

निरोगी पिल्लांना काय?

पहिल्या दिवसापासून ताजी फुटलेली आर्टेमिया, दिवसातून दोनदा तरी. फारच बारीक पिल्लांच्या जातींना पहिले काही दिवस इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव. रोज थोडं पाणी बदला. इतक्या वेगाने वाढणारं पिल्लू एक दिवस उपाशी राहिलं तर मागे पडतं आणि कायमचं मागे राहतं. तीन-चार आठवड्यांत नरांवर रंग दिसू लागतो. तेव्हाच नर-माद्या वेगळ्या करा.

मला हा चिखलाचा उद्योग नको. सोपी किली कोणती?

गार्डनेरी. न रुसणारा, कोरडं खायला शिकणारा, दोन वर्षं सहज जगणारा. ॲक्रिलिक लोकरीचे वीतभर दोरे बांधून मॉप करा, खऱ्या लोकरीचा नको, ती कुजते. बुचाला बांधून तरंगत सोडा. दोन-तीन दिवसांनी मॉप पिळून दोऱ्यांमधून अंडी बोटांनी वेचायची. ती फुटत नाहीत. छोट्या डबीत, पाण्यात बुरशी रोखणाऱ्या मेथिलिन ब्ल्यूचा हलका निळा रंग येईल इतका थेंब टाकून ठेवा आणि पांढरी पडलेली रोज काढा. दोन-तीन आठवड्यांत पिल्लं. डोळे दिसूनही बाहेर येत नसतील तर डबीत चिमूटभर कोरडं खाद्य टाका. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि पिल्लं बाहेर पडतात. जुने लोक डबी खिशात घालून फिरवतात, तीही युक्ती चालते.

पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात काय?

कॅमेरून-गाबोनच्या डोंगरी ओढ्यांतले ॲफिओसेमिऑन २६ अंशांच्या वर गेले की कोमेजतात. एसी खोली नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. गार्डनेरी २८ पर्यंत निभावतो. नोथो त्याहूनही वर तग धरतात, पण जितकं गरम तितकं आयुष्य आखूड. टाकी जमिनीलगत ठेवा, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. नोथो पाळणाऱ्याला एक सोय आहे, मे महिन्यात सगळा वंश अंड्यांच्या रूपात पिशवीत ठेवता येतो.

आपल्याकडच्या जंगली किलींचं काय?

इतक्या लांबचं विचारून झाल्यावर लोक शेवटी हे विचारतात, खरं तर सुरुवात इथूनच करावी. पश्चिम घाटाच्या ओढ्यांत आणि कोकणातल्या पाटा-विहिरींत ॲप्लोकायलस लिनिएटस आहे, दहा सेंटीमीटरपर्यंत वाढणारा, डोक्यावर चमकता ठिपका मिरवणारा. किनारपट्टीच्या पाण्यात त्याचा छोटा भाऊ ब्लॉकाय. आणि ॲप्लोकायलस किर्चमायेरी या जातीचं वर्णन १९८६ मध्ये गोव्यातल्या माशांवरून झालं. अंदमानचा ॲप्लोकायलस अंदमानिकस दुसऱ्या जातीत गुंडाळला गेला होता, तो २०१८ मध्ये परत स्वतंत्र ठरला. म्हणजे घरच्या किलींचीही नीट ओळख अजून चालूच आहे.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन खात्याच्या परवानगीशिवाय जाळं घालायचं नाही. बाहेरही जागामालकाला विचारून, दोन जोड्या पुरे. ठिकाणाचं नाव, तालुका, तारीख लिहा. सावंतवाडीचे आणि पेणचे एकत्र करू नका. परदेशातल्या मित्राला इथले मासे किंवा अंडी पाठवायचा विचार असेल तर थांबा. जैवविविधता कायदा, २००२ नुसार परदेशी व्यक्तीला आपली जैविक संपत्ती घ्यायला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते.

देशातल्या देशात अंडी कशी पाठवायची?

ओलसर कोकोपीटमध्ये, दोन पिशव्या एकात एक, छोट्या खोक्यात वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी घट्ट बसवून. एप्रिल ते जून पाठवू नका, कुरिअरच्या गोदामातला पत्रा अंडी शिजवतो. गार्डनेरीसारख्यांची अंडी घातल्यापासून आठवड्याच्या आत पाठवा, नाहीतर वाटेतच फुटतील. आतल्या पिशवीवर जात, ठिकाण, पिढी, अंडी काढल्याची तारीख आणि तोवर साधारण किती तापमानात ठेवली ते लिहा. हे शेवटचं कुणी लिहीत नाही आणि घेणाऱ्याला भिजवायची वेळ ठरवायला त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते.